बिनवासाचं वर्ष

वाटी नाकाखाली आली आहे हे त्याला कळलं, ते तिचा गार काठ वरच्या ओठाला लागला म्हणून. डोळ्यांवर नॅपकीन घट्ट बांधलेला होता. गाठ मास्तरिणीनं मारली होती, आणि तिनं मारलेली गाठ सुटायचं नाव घेत नसे. कॅप्टननं श्वास आत ओढला. काहीच नाही. पुन्हा ओढला, नाकपुड्या फुगवून, छाती भरेपर्यंत. नुसती हवा आत आली, गार आणि कोरडी. ‘‘रिकामी वाटी देता होय रे?’’ तो हसून म्हणाला. ‘‘चावटपणा पुरे झाला. खरी वाटी आणा.’’ समोरून कुणी हसलं नाही. कोपऱ्यातलं बर्फाचं यंत्र तेवढं घरघरलं आणि त्याच्या पोटात बर्फाचे खडे खडखडत पडले. मग लांब्याचा आवाज आला, अगदी हळू. ‘‘कॅप्टन, वाटी भरलेली आहे.’’ त्यानं नॅपकीन गळ्याशी ओढला. वाटीत कॉफी होती. ताजी दळलेली, काठोकाठ. त्याच्या श्वासानं थोडी उडून मिशीला चिकटलीसुद्धा होती. काउंटरपलीकडे दोघं उभी होती, आणि दुपारचे तीन वाजले होते.

‘‘सर्दी,’’ तो म्हणाला. ‘‘सकाळपासून नाक चोंदलंय.’’

‘‘हो, सर्दीच दिसतेय,’’ मास्तरीण लगेच म्हणाली. जरा जास्तच लगेच म्हणाली.

‘स्टोअरमध्ये जरा बघून येतो’ असं काहीतरी पुटपुटून तो मागच्या दाराकडे वळला, आणि तेवढ्या दहा पावलांत त्याच्या पाठीवर त्या दोघांची नजर अशी टेकून राहिली, की कोट खाली ओढला जातोय असं त्याला वाटलं. बारचा कॅप्टन म्हणून हा खेळ त्यानंच काढला होता. बारची दुपारची पाळी म्हणजे बारा ते सहा. समोरच्या इमारतीत विम्याची कचेरी होती तोवर जेवणाच्या सुट्टीत चार टेबलं भरायची. कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि दुपार ओस पडली. दिवसा दार बंद दिसलं की माणसं रात्रीही विसरतात, असं म्हणून मालकीणबाईंनी पाळी चालू ठेवली, पण चालू ठेवणं म्हणजे काय, ते कॅप्टनला निस्तरायचं होतं. गर्दी असली की माणसाचे पाय दुखतात. गिऱ्हाईक नसलं की सगळंच दुखतं. पहिल्या महिन्यात लांब्या फोनमध्ये मान घालून उभा असायचा, साडेसहा फुटी माणसाच्या मानेचा आकडा होईपर्यंत. मास्तरीण पूर्वी खरोखरच शाळेत शिकवत होती. ती मेनूच्या फळ्यावरचं शुद्धलेखन दिवसातून तीनदा तपासायची आणि चौथ्यांदा त्यावरून लांब्याशी भांडायची. एकदा तर ओला फडका कुणी कुठे ठेवला यावरून दोघं दोन दिवस बोलली नव्हती. त्यात कॅमेऱ्यातून बघून मालकीणबाईंचा फोन यायचा, ‘‘कॅप्टन, माणसं उभी केलीत की पुतळे?’’ कॅप्टननं आधी भाषण दिलं, उत्साह या विषयावर. ते संपल्यावर मास्तरीण म्हणाली, ‘‘मीही वर्गात हेच द्यायचे. शेवटच्या बाकावर पोचत नाही ते.’’ मग त्यानं कामांची यादी भिंतीला लावली: सोमवारी फडताळं, मंगळवारी बाटल्यांच्या बुडांची धूळ. आठ दिवसांत यादीलाच धूळ लागली. तो स्वतः ज्यांच्या हाताखाली शिकला त्या थोरल्यांची तऱ्हाही त्याला आठवत होती. गिऱ्हाईक नसलं की थोरले साठ पेले पुसायला लावायचे, आणि साठ झाले की तेच साठ पुन्हा. त्या दुपारी पेल्यांतून उलटी दिसणारी खिडकी अजून त्याच्या स्वप्नात यायची. आपल्या माणसांना तसलं काही द्यायचं नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवलं होतं. शेवटी त्याला जमलं ते अगदी साधं होतं. त्यानं मास्तरिणीला फळा देऊन टाकला, रोज एक ओळ तुझी, हवी ती लिही म्हणून. लांब्याला सांगितलं, आठवड्याला एक नवं पेय तू काढायचंस, त्यात दारू घालायची नाही आणि नाव तू ठेवायचंस. आणि तीन वाजता वासाचा खेळ. डोळे बांधायचे, वाटीतलं ओळखायचं. जिंकेल त्यानं अर्धा तास आधी घरी जायचं, हरेल त्यानं बर्फाचं यंत्र पुसायचं. लांब्याचा फोन खिशात गेला. मास्तरीण दालचिनीच्या दोन जाती वेगळ्या ओळखायला लागली. परीक्षक मात्र नेहमी कॅप्टन. त्याचे डोळे बांधायचं आज पहिल्यांदाच कुणाच्या तरी मनात आलं होतं. कुणाच्या, ते त्याला आत्ता आठवेना.

स्टोअरचं दार त्यानं आतून लावून घेतलं. दिव्याचं बटण दाबलं आणि फडताळासमोर उभा राहिला. पहिली बाटली उघडली, जुनी रम. नाक थेट तोंडाशी नेलं. डोळ्यांत जरासं चुरचुरलं, बस. दुसरी, संत्र्याच्या सालींची. तिसरी, बडीशेपेची, जिचं बूच उघडलं की थोरले पलीकडच्या खोलीतून ओरडायचे. काही नाही. फरशी पुसायचं औषध उघडलं, लवंगांची बरणी उघडली, शेवटी स्वतःचा बूट काढून नाकाशी धरला. आणि एका पायावर, हातात बूट घेऊन, त्या कोंदट खोलीत उभं असताना त्याला एकदम भीती वाटली. लहानपणी गर्दीत वडिलांचा हात सुटला होता तेव्हा वाटली होती, तशी. वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. खालच्या मजल्यावर, दाराएवढंच रुंद. शाळा सुटली की तो टेबलाखाली गठ्ठ्यांमध्ये बसायचा आणि कपडे नुसते हुंगून सांगायचा, हा दातांच्या डॉक्टरांचा कोट, हा पाववाल्याचा सदरा, ही कोपऱ्यावरच्या बाईंची चादर, त्यांच्याकडे मांजर आहे. चिठ्ठ्या हरवलेला एक अख्खा गठ्ठा त्यानं असा लावून दिला होता. वडील फारसं बोलत नसत. पण त्या दिवशी त्यांनी गरम इस्त्री उभी करून ठेवली, शेजारच्या दुकानदाराला हाक मारली आणि म्हणाले, ‘‘आमच्या पोराचं नाक बघा हो.’’ जणू ते नाक त्यांनीच रात्री बसून घडवलं होतं. त्या एका वाक्यावर त्याचं सगळं आयुष्य उभं राहिलं होतं. अभ्यासात तो यथातथाच होता, दिसायला तर नाहीच. पण थोरल्यांनी पहिल्याच दिवशी सात पेले पुढे ठेवले आणि त्यानं सातही ओळखले. शहरातल्या चार बारमध्ये अजून म्हणत, कॅप्टनकडे पाठवा, त्याच्या नाकातून काही सुटत नाही. आता ते नाक चेहऱ्यावर होतं तसंच होतं, चष्मा टेकवायला उपयोगी.

त्यानं बूट पायात घातला आणि खोक्यावर बसला. कधी गेला असेल वास? एका दिवसात जात नाही एवढं मोठं काही. बिऱ्हाड हलवताना एकेक वस्तू जाते तसा गेला असेल. आधी बारीकसारीक, मग खुर्च्या, आणि शेवटी एक दिवस आपल्याच खोलीत आपलाच आवाज घुमतो. मग त्याला सकाळचा चहा आठवला. गेलं वर्षभर चहा नुसता गरम लागत होता. त्यानं दुकानदार बदलला होता, पत्ती बदलली होती. साबणात आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही, असं तो न्हाणीघरातून बाहेर येऊन बायकोला म्हणाला होता, आणि ती टॉवेल घेऊन आत गेली होती. भाजीत मीठ कमी, सूप पाणचट, पाव भुसकट. बायकोच्या मानेशी तोंड नेलं की पूर्वी दिवसभराचा शीण उतरायचा. आता तिथे नुसती मान असायची. त्याला वाटलं होतं, वय झालं. पन्नाशीला आलो, मन उडालं. कशातच जीव रमत नाही, कामात नाही, घरात नाही, ज्या धंद्यावर इतकं प्रेम केलं त्यात नाही. रोज बारा वाजता शटर वर करताना तो चेहऱ्यावर हुरूप चढवायचा, कोट चढवावा तसा. या दोघांचं मन रमावं म्हणून नवनवे खेळ काढायचा, आणि मनातल्या मनात म्हणायचा, आपण लबाड आहोत, आतून विझलेला माणूस दुसऱ्यांना फुंकर घालतोय. किती रात्री तो कुशीवर पडून याच गोष्टीची लाज बाळगत होता. आणि आता या खोक्यावर, उघड्या बाटल्यांसमोर बसून त्याच्या लक्षात येत होतं की मन कुठे उडालेलंच नव्हतं. नाक बिघडलं होतं. नुसतं नाक! त्याला हसू आलं. मोठ्यानं हसला असता, पण बाहेर ऐकू गेलं असतं. भीती होतीच, पण तिच्या बाजूनं काहीतरी सैल होत गेलं, आणि डोळे पुसताना त्याला कळेना की ते कशानं भरलेत. आपण प्रेम करायला विसरलो नव्हतो. आपल्याला नुसता वास येत नव्हता.

ते सैल होणं फार टिकलं नाही. बाटल्यांची बुचं परत लावताना त्याच्या हाती व्हर्मुथची, त्या मसाले घातलेल्या वाइनची, बाटली आली, आणि तो थांबला. तीन आठवड्यांपूर्वीची दुपार. खिडकीपाशी त्या निवृत्त बाई बसल्या होत्या, ज्या दर बुधवारी येऊन एकच पेय घेतात आणि शब्दकोडं सोडवतात. त्यांनी एक घोट घेऊन पेला बाजूला सारला. ‘‘आज काहीतरी चुकलंय,’’ त्या म्हणाल्या, अगदी सौम्यपणे. लांब्यानं पेला उचलला, हुंगला, मग मागची बाटली हुंगली आणि म्हणाला, ‘‘कॅप्टन, व्हर्मुथ उतरलीय. उघडून फार दिवस झालेत.’’ कॅप्टन पुढे झाला. त्यानं बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले, नेहमी करतो तसं. आणि बाईंसमोर, मास्तरिणीसमोर म्हणाला, ‘‘बाटली उत्तम आहे. हात नीट चालत नसला की माणूस बाटलीला नावं ठेवतो.’’ लांब्या लाल झाला. त्यानं दुसरं पेय बनवून दिलं, दुसऱ्या बाटलीतून, आणि बाईंनी ते संपवलं. त्या दिवसापासून त्याची नवी पेयं बंद झाली. खेळात तो यायचा, पण ओळखायचा नाही. ‘माहीत नाही’ म्हणायचा आणि फडका घेऊन बर्फाच्या यंत्राकडे जायचा. परवा त्यानं येऊन सांगितलं होतं, या शनिवारनंतर मी येत नाही, दुसरीकडे बघितलंय. ‘‘का रे?’’ कॅप्टननं विचारलं होतं. ‘‘इथे दुपारी कंटाळा येतो,’’ लांब्या म्हणाला होता, जमिनीकडे बघत. आणि कॅप्टननं ते खरं मानलं होतं! काल घरी बसून आणखी दोन खेळ शोधून काढले होते, पोराला हुरूप यावा म्हणून. पोर कसलं, चाळिशीचा बाप्या, घरी चार वर्षांची मुलगी. त्याच्या तोंडावर त्याच्या हाताला नावं ठेवली होती आपण, तेही स्वतःचं नाक जागेवर नसताना. त्यानं हातातल्या बाटलीच्या गळ्याकडे बघितलं. तिथे कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली होती, आणि पट्टीवर मास्तरिणीच्या टपोऱ्या अक्षरात तारीख होती. त्यानं शेजारची बाटली फिरवली. तिच्यावरही तारीख. मागची, त्यामागची, साय घालून केलेल्या दारूच्या बाटल्या, पाकाच्या बरण्या, सगळ्यांवर तारखा. कुणी सांगितलं होतं तिला हे? कुणीच नाही. कॅप्टनचं नाक असताना या बारमध्ये कशावर तारीख घालायची वेळच आली नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा दोघं आपापल्या जागी होती. लांब्या लिंबं मोजल्यासारखं करत होता. मास्तरीण फळ्यासमोर खडू घेऊन उभी होती, पण ओळ लिहिलेली नव्हती. बाहेरच्या रस्त्यावर एक बाई बाबागाडी ढकलत गेली, मग रस्ता पुन्हा रिकामा झाला. कॅप्टननं काउंटरवरचा नॅपकीन उचलला, त्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

‘‘तारखा कधीपासून घालतेस?’’ त्यानं विचारलं.

मास्तरिणीनं खडू खाली ठेवला. ‘‘तीन आठवडे झाले. त्या व्हर्मुथपासून.’’

‘‘म्हणजे तुला ठाऊक होतं.’’

‘‘साय फाटली होती एकदा. तुम्ही हुंगून फ्रीजमध्ये परत ठेवलीत. मला वाटलं, लक्ष नसेल. मग मागे नाल्याचं तोंड तुंबलं होतं, आम्ही दोघं नाकाला रुमाल लावून फिरतोय, आणि तुम्ही तिथेच उभं राहून डबा खाल्लात.’’ तिनं हात झाडले, खडूची धूळ उडाली. ‘‘वर्गात एखाद्या मुलाला फळा दिसत नसला की तो सांगत नाही, कॅप्टन. शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहितो. मला ते लगेच कळतं. बावीस वर्षं केलंय ते काम.’’

‘‘मग सांगितलं का नाहीस?’’

‘‘कसं सांगू? सगळं शहर ज्याच्या नाकाला नावाजतं, त्याला जाऊन म्हणू, तुमचं नाक गेलं?’’ तिचा आवाज जरा चढला. ‘‘म्हटलं, त्यांना स्वतःलाच कळू दे. आज डोळे बांधायचं मीच सुचवलं. मला झोप नव्हती हो कालची.’’

कॅप्टन लांब्याकडे वळला. लांब्या लिंबांकडेच बघत होता. एवढ्या उंच माणसाला नजर चुकवायला फार खाली बघावं लागतं. कॅप्टननं मनात दोनतीन वाक्यं जुळवली, पण तोंडात आल्यावर ती सगळी भाषणासारखी वाटली, आणि भाषण शेवटच्या बाकावर पोचत नाही हे त्याला आता माहीत होतं.

‘‘व्हर्मुथ उतरलेली होती,’’ तो म्हणाला. ‘‘तुझं बरोबर होतं. मला कसलाच वास येत नव्हता. मी ते नुसतं डोळे मिटून केलं. सवयीनं. आणि तुझ्या हाताला नावं ठेवली, बाईंच्या देखत. चुकलं माझं.’’

लांब्याचं मोजणं थांबलं. त्यानं एक लिंबू उचललं, तळव्यात फिरवलं.

‘‘मी ती बाटली घरी नेली होती,’’ तो म्हणाला.

‘‘कुठली?’’

‘‘तीच. उरलेली. बायकोला दिली हुंगायला. तिला काही कळत नाही यातलं, ती म्हणाली, आंबट येतोय वास. शेजाऱ्यांना दिली. तेही म्हणाले, आंबट. तरी मला वाटलं, कॅप्टन म्हणतात म्हणजे आपलंच नाक खोटं. तीन आठवडे, कॅप्टन. मला माझ्याच नाकाचा भरवसा वाटेना. म्हणून मी खेळात काही ओळखत नव्हतो. येत होतं मला. सगळं येत होतं. बोलायची हिंमत होत नव्हती.’’

कॅप्टननं नॅपकीन काउंटरवर ठेवला. आपण वर्षभर आपल्या मनाला दोष देत होतो, आणि त्याच वेळी याला त्याच्या नाकाला दोष द्यायला लावत होतो. बारच्या रिकाम्या खुर्च्या, पालथे ठेवलेले पेले, खिडकीतून तिरपं आत आलेलं ऊन, सगळं फार स्वच्छ दिसत होतं. रडून झाल्यावर दिसतं तसं.

‘‘शनिवारचं काय मग?’’ मास्तरिणीनं लांब्याला विचारलं, शाळेत विचारायची तसंच.

‘‘तिकडे शब्द दिलाय मी.’’

‘‘शब्द परत घेता येतो. नम्रपणे, लेखी. मी मसुदा देते.’’

लांब्या पहिल्यांदा हसला. मग कॅप्टनकडे बघून म्हणाला, ‘‘राहीन. पण एक आहे. मी खराब म्हणालो, तर खराब. तुम्ही डोळे मिटायचे नाहीत.’’

‘‘कबूल.’’

‘‘आणि बाई बुधवारी येतील तेव्हा त्यांना सांगायचं.’’

‘‘मी सांगेन,’’ कॅप्टन म्हणाला. ‘‘माझ्या तोंडानं सांगेन.’’

त्या संध्याकाळी घरी जाताना तो दोन थांबे आधीच उतरला आणि चालत गेला. बायको पोस्टात खिडकीवर काम करायची, ती नुकतीच आली होती, पायातल्या चपला अजून तशाच. तो दारातच म्हणाला, ‘‘मला वास येत नाही.’’ ‘‘कसला?’’ तिनं विचारलं, आणि स्वयंपाकघराकडे वळून बघितलं. ‘‘कसलाच. वर्ष झालं असेल. मला आज कळलं.’’ ती टेबलाशी बसली. तिनं एक चप्पल काढली, दुसरी तशीच राहिली. ‘‘साबणाचं म्हणालास ते?’’ ‘‘हो.’’ ‘‘आणि सूप?’’ ‘‘हो.’’ ‘‘आणि...’’ तिनं पुढचं विचारलं नाही, पण तिचा हात आपोआप मानेकडे गेला. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता चिडली. ‘‘मेल्या, मला वाटलं तुला माझा कंटाळा आलाय! मी सहा वेळा तेल बदललं केसांचं!’’ तो तिच्यासमोर खाली बसला आणि तिच्या पायातली दुसरी चप्पल काढली. सहा तेलं. न्हाणीघरात बाटल्या वाढताना त्याला दिसल्या होत्या, तो मनात म्हणालाही होता, किती खर्च. सहा वेळा एका बाईनं त्याच्या दाराशी येऊन वाट बघितली होती आणि आत कुणी नव्हतं. ‘‘सगळी चांगली असणार,’’ तो म्हणाला. ‘‘एक अगदी वाईट होतं,’’ ती नाक ओढत म्हणाली, ‘‘तेही तू चालवून घेतलंस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.’’ मग दोघं हसली, आणि रात्री त्यानं तिच्या मानेशी तोंड नेलं तेव्हा तिथे नुसती मानच होती. पण ती ऊबदार होती, तिच्यातली एक शीर उडत होती, आणि इतके दिवस आपण हे मोजलंच कसं नाही, याचं त्याला नवल वाटत राहिलं.

डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. नाकात खूप वर गाठी आहेत, म्हणाले, साध्या आहेत, घाबरायचं कारण नाही, काढून टाकू. वास परत येईलच असं मात्र सांगता येत नाही. मालकीणबाईंना सांगताना त्याला घाम फुटला होता. त्यानं स्वतःहून म्हटलं, हवं तर दुसरा कॅप्टन बघा. त्या कागदांमधून मान वर करून म्हणाल्या, ‘‘मी कॅमेऱ्यातून बघत असते ना. पूर्वी तिथे पुतळे दिसायचे, आता माणसं दिसतात. ते नाकानं केलंत का तुम्ही?’’ आणि पुन्हा कागदांत बुडाल्या. शस्त्रक्रिया झाली. आठ दिवस नाकात कापूस घालून तो घरी पडून राहिला, आणि पडल्या पडल्या त्याला कोण कोण आठवत राहिलं. टेबलाखालच्या गठ्ठ्यांत त्याला जागा करून देणारे वडील. कठोर होते तरी सात पेले पुढे मांडणारे थोरलेही. गेलं वर्षभर तो मागे बघायचा ते तक्रार शोधायला. आता तिथे माणसंच माणसं उभी होती, आणि प्रत्येकानं त्याच्या हातात काही ना काही ठेवलेलं होतं. कापूस निघाला. श्वास मोकळा झाला. वास आला नाही. डॉक्टर म्हणाले, नाकाला पुन्हा शिकवावं लागेल. चार वास घ्या, ठरावीक. दिवसातून दोनदा, प्रत्येकी वीस सेकंद, मन लावून, त्या वस्तूची आठवण काढत. चार महिने, सहा महिने. कंटाळा करायचा नाही.

कंटाळा करायचा नाही, एवढं डॉक्टरांनी सांगून टाकलं. बाकी काम बारमधल्या त्या दोघांनी हातात घेतलं. सकाळची खेप घरी बायको करून घ्यायची. दुपारच्या खेपेला लांब्यानं चार बारक्या कुप्या भरून ठेवलेल्या असायच्या: लिंबाची साल, लवंग, गुलाब, निलगिरी. मास्तरिणीनं वही घातली होती, तारीख, वेळ, शेरा. घड्याळ तिच्या हातात. ‘‘वीस सेकंद म्हणजे वीस. सोळाला सोडलंत. पुन्हा.’’ शेऱ्याच्या रकान्यात रोज चार आडव्या रेघा. पहिल्या महिन्यात त्याला हुरूप होता. दुसऱ्या महिन्यात तो हसण्यावारी न्यायचा. तिसऱ्या महिन्यात एकदा तो म्हणाला, ‘‘राहू दे आज, गिऱ्हाईक येईल,’’ आणि लांब्या म्हणाला, ‘‘चार दिवसांत दुपारी दोन गिऱ्हाइकं आलीत, कॅप्टन. बसा.’’ वास येत नाही, तर तो कसा असतो ते लांब्या त्याला सांगायला लागला. वाटेल ते सांगायचा. निलगिरी म्हणजे पहाटे खिडकी उघडली की डोळे लहान होतात ना, तसं. गुलाब मला आवडत नाही, पाहुण्यांच्या खोलीसारखा आहे. कॅप्टन डोळे मिटून ऐकायचा, नाक लावून बसायचा. या माणसाच्या पोटात इतके शब्द होते हे तीन वर्षांत त्याला कळलं नव्हतं. कधी कधी त्याच्या मनात यायचं, आता वास आलाच नाही तरी चालेल. पण असं म्हटलेलं मास्तरिणीला चालणार नाही, म्हणून तो बोलत नसे.

साडेचार महिने झाले त्या दुपारी बार नेहमीसारखाच रिकामा होता, आणि लांब्यानं कुप्यांचा क्रम न सांगता बदलला होता. पहिली कुपी झाली, रेघ. दुसरी झाली, रेघ. तिसरी लांब्यानं नाकाखाली धरली आणि मास्तरीण मोजायला लागली. सात, आठ, नऊ. अकराव्या सेकंदाला कॅप्टनच्या कपाळावर आठी पडली. काहीतरी होतं. फार लांब, पलीकडच्या गल्लीत कुणी हाक मारावी आणि शब्द कळू नयेत, नुसतं कळावं की हाक आपल्याला आहे, तसं काहीतरी. तो हलला नाही. श्वास सोडायला घाबरला.

‘‘लवंग,’’ तो म्हणाला. ‘‘लवंग आहे का ही?’’

लांब्यानं कुपीवरची चिठ्ठी बघितली, मास्तरिणीकडे बघितलं.

‘‘चूक!’’ मास्तरीण ओरडली. तिच्या हातातलं घड्याळ पडलं. ‘‘साफ चूक! गुलाब आहे!’’ आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बावीस वर्षांत चुकीच्या उत्तराला तिनं इतक्या आनंदानं चूक म्हटलं नसेल. लांब्यानं कॅप्टनचे खांदे धरून त्याला खुर्चीसकट हलवलं. ‘‘पण काहीतरी आलं! कॅप्टन, काहीतरी आलं की!’’ कॅप्टन मान हलवत होता, हसत होता, आणि त्याचं नाक, ते मोडकं, आडमुठं, नव्यानं शाळेत घातलेलं नाक, सगळं वाहत होतं. मास्तरिणीनं त्याच्या हातात नॅपकीन कोंबला.

दारावरची घंटी वाजली. उंबऱ्यात एक अनोळखी गृहस्थ उभे होते, हातात छत्री, चेहऱ्यावर शंका. आतली तीन माणसं एका खुर्चीभोवती रडत-हसत आहेत हे बघून त्यांनी पाऊल मागे घेतलं.

‘‘माफ करा,’’ ते म्हणाले. ‘‘उघडं आहे का?’’

लांब्या आपल्या पुऱ्या उंचीनं सरळ झाला, कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, कॅप्टनच्या नाकाकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाला, ‘‘या, या. आत्ताच उघडलं.’’